पाव किलो खसखस

शारजा, २४ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी मेल पोचली. व्हॉट्सअ‍ॅपवर लिही म्हटलं की "अंगठ्याने लिहितात ते पत्र नव्हे" म्हणतेस, तर मेलच बरी. इथून व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल लागत नाही हे तुला दर वेळी नव्याने सांगावं लागतं, आणि तू दर वेळी चार मिस्ड कॉल देऊन ठेवतेसच.

आता नीट ऐक. रविवारी तू मुंबईहून निघशील, ईशानी तुला दुबईच्या एअरपोर्टवर आतच गेटपाशी भेटेल, मग दोघी मिळून कोपनहेगन. तिला जबल अली बंदरातल्या ऑफिसातून मोजून पाच दिवस रजा मिळाली आहे. तीन तारखेला ती परत येईल आणि पुढचे चार दिवस तू एकटी. मला हे अजिबात पटलेलं नाही. बत्तीस वर्षं मुलांना भूगोल शिकवलास म्हणून परक्या गावातले रस्ते सापडतात असं नाही.

जाता-येता दोन्ही वेळा तू दुबईत विमान बदलणार आणि माझ्या घरी येणार नाहीस, याचा रागही आहेच. व्हिसा काढते म्हटलं तर "दिवाळी तोंडावर आली, घर तसंच पडलंय" म्हणालीस. सांगलीत तुझ्याशिवाय त्या घरात आहे कोण, की ते रुसेल?

मला काहीही आणू नकोस. दिवाळीचं यंदाही नेहमीसारखंच. अनारसे तिळावर थापते. खसखस इथे मिळत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी सुजीतला फरक कळत नाही आणि ईशानीने खसखशीचा अनारसा जन्मात पाहिलेला नाही. मलाच काय ती आईच्या हातच्या अनारशांची आठवण येते, पण ती आता सवयीची झाली.

पोरीला सांभाळ. चोवीस वर्षांची असली तरी रस्ता ओलांडताना फोनमध्येच बघते.

तुझी,
वीणा


कोपनहेगन, ३ ऑक्टोबर

चि. वीणास,
अनेक आशीर्वाद.

ईशानीला सकाळी मेट्रोत बसवून आले. इथल्या मेट्रोला ड्रायव्हर नसतो. मी घाबरून खांब धरला तर ती म्हणाली, "मावशी, चिल, आमच्याकडे पण असंच आहे." आमच्याकडे म्हणजे दुबईत. तिच्या तोंडून 'आमच्याकडे' ऐकलं की मला थोडं चुकल्यासारखं होतं, पण पोरगी खरंच तिथलीच आहे.

वीणा, पंचावन्न अंश उत्तर अक्षांशावर मी उभी राहिले. इतकी वर्षं फळ्यावरच्या नकाशात काडी ठेवून "हे बघा डेन्मार्क" म्हणत होते, आणि कुणी विचारलं असतं बाई तुम्ही पाहिलंत का, तर काय सांगणार होते. न्यूहाउन म्हणून एक जुना धक्का आहे, पाण्याच्या काठाला पिवळी, लाल, निळी घरं ओळीने. तिथे बसून कॉफी प्यायले. ईशानीने हिशेब करून सांगितलं, "पंचवीस दिरहम, म्हणजे सहाशे रुपये, मावशी, हळूहळू पी." एक गोल मनोरा आहे, त्याला पायऱ्या नाहीत, नुसता चढ गोलगोल वर जातो. माझे गुडघे त्या बांधणाऱ्याला दुवा देत होते. सायकलींची मात्र भीती वाटते. आवाज न करता मागून येतात आणि आपणच चुकलेलो असतो.

आता मुख्य गोष्ट. इथे न्याहारीला एक पाव देतात, पापुद्र्यांचा. त्याचं नाव मला उच्चारता येत नाही, पण त्यावर काय असतं सांगू? खसखस. चिमूटभर नाही, जाड थर. तुझं पत्र आठवलं आणि अर्धा पाव तसाच ठेवून उठले. वाण्याच्या दुकानात विचारलं, तर तिथे पाकिटंच पाकिटं. पांढरी, आपल्यासारखीच. पाव किलो घेतली.

ईशानीला सांगितलं नाही. ती लगेच "मावशी, नो, वजन होईल" म्हणाली असती. काल संध्याकाळी ती खाली गेली होती तेव्हा तिच्या मोठ्या बॅगेत तळाशी, लोकरी मोज्यात घालून ठेवली. पाकीट फुटू नये म्हणून वरून टेपही लावली. बॅग उघडशील तेव्हा आधी मोजे बघ. यंदा आईसारखे अनारसे कर आणि पहिला मला फोटोत दाखव.

मी मजेत आहे. काळजी करू नकोस.

तुझी,
ताई


शारजा, ४ ऑक्टोबर, सकाळी

ताई,

हे वाचलंस की लगेच पुसून टाक. ट्रॅशमधूनसुद्धा. व्हॉट्सअ‍ॅपवर याबद्दल एक अक्षर लिहू नकोस, ते घरातल्या टॅबवर उघडं असतं. यापुढे त्या वस्तूचं नावही घेऊ नकोस. मीही घेणार नाही.

ती वस्तू इथे बंद आहे. महाग नाही, दुर्मीळ नाही, बंद. अफूच्या बोंडातलं बी म्हणून अमली पदार्थांत धरतात. दुकानात नसते, कुणाच्या घरात नसते, कुणी भारतातून आणत नाही. आम्ही नवीन आलो होतो तेव्हा आमच्या मजल्यावर प्रमिलाताई राहायच्या. त्यांच्या सासूबाई गावाहून येताना घरचा मसाला घेऊन आल्या, त्यात ती वस्तू निघाली. म्हातारी बाई किती दिवस आत होती ते मला सांगवत नाही. बाहेर आल्यावर ते कुटुंब महिन्याभरात गाशा गुंडाळून परत गेलं. प्रमिलाताईंनी जाताना माझ्याकडे तुळस दिली, पण माझ्याशी बोलल्या नाहीत. कुणाशीच बोलत नव्हत्या.

आणि ऐक. ईशानी काल आली, बॅग आली नाही. मधे विमान बदललं तिथे राहिली. दोन-तीन दिवसांत येईल म्हणतात. आल्यावर बॅगेच्या मालकाने स्वतः जायचं, त्यांच्यासमोर कुलूप उघडायचं. बॅगेवर नाव ईशानीचं. पासपोर्ट नंबर ईशानीचा.

तिला काही माहीत नाही. "मम्मा, इट्स जस्ट अ बॅग" म्हणत घरभर फिरते आहे. मी तिच्याकडे बघू शकत नाही. सुजीतला सांगितलं तर तो कामावरून, हमरियाहून, गाडी घेऊन तडक एअरपोर्टवर जाईल आणि काहीतरी बोलून बसेल. म्हणून कुणालाच सांगितलेलं नाही. ही मुलगी इथे जन्मली, ताई. हिला दुसरं घर माहीत नाही. आणि हा देश हिला एका सहीने बाहेर काढू शकतो, तेही आधी आत टाकून.

काल रात्रीपासून फोन वाजला की मी आधी नंबर बघते, मगच उचलते.

वीणा


कोपनहेगन, ४ ऑक्टोबर

वीणा,

सकाळी बोटीत बसायचं तिकीट काढलं होतं. गेले नाही. तुझं पत्र पाच वेळा वाचलं आणि सांगितलंस तसं पुसून टाकलं, पण पाठ झालं आहे.

काय करून बसले मी हे. माझ्या हाताने टेप लावली. पोलीस बघतील तेव्हा ती टेपच आधी दिसेल. लपवल्यासारखीच दिसेल.

पण तू मला सांगितलं का नाहीस? पंचवीस दिवाळ्या तू मला लिहिते आहेस, "इथे मिळत नाही". पंचवीस वर्षं मला वाटत आलं की बिचारीला मिळत नाही. लांब राहणारं माणूस मिळत नाही म्हणालं की आपण पिशवी भरायला घेतो, आपल्याला दुसरं सुचतच नाही. बंद आहे असा एक शब्द लिहिला असतास तर मी त्या दुकानासमोरून नुसती चालत गेले असते.

भांडायची ही वेळ नाही, कळतं मला. काय करू तेवढं सांग.

ताई


शारजा, ५ ऑक्टोबर

ताई,

आईला भीती वाटू नये म्हणून लिहिलं नाही. प्रमिलाताईंचं कळलं असतं तर आईने मला परत बोलावून घेतलं असतं. मग आई गेली, आणि तोच शब्द पुढे चालत राहिला. एवढंच आहे उत्तर.

काय करायचं ते मी ठरवलं आहे. सोबत इंग्रजीत एक मसुदा पाठवते. तो तुझ्या अक्षरात कागदावर उतरव, खाली सही कर, पासपोर्टचा फोटो लाव आणि मला पाठव. ती वस्तू तुझी आहे, तू विकत घेतलीस, तू ठेवलीस आणि ईशानीला त्यातलं काही माहीत नव्हतं, असं त्यात आहे. दुकानाची पावती असेल तर तीही जोड.

तू भारतात असशील. तुला तिथे कुणी काही करणार नाही. ईशानी इथे आहे.

आज सकाळी ती हसत होती, कुठलासा व्हिडिओ बघून. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडले.

लवकर पाठव.

वीणा


कोपनहेगन, ५ ऑक्टोबर

वीणा,

कागद सोबत जोडला आहे. पावतीही आहे, मी पावत्या फेकत नाही.

पण नुसत्या कागदाने होणार नाही असं मला वाटतं. शाळेत एखादं पोर चिठ्ठी घेऊन यायचं, "चूक माझी आहे, याची नाही", तर मी विचारायचे, चिठ्ठी लिहिणारा कुठे आहे? त्याला बोलव. हे लोकही तेच विचारतील.

मी सात तारखेला सकाळी इथून निघते आणि संध्याकाळी दुबईत उतरते. माझा व्हिसा काढ. मी बाहेर येते, आपण तिघी मिळून बॅग घ्यायला जाऊ, आणि उघडायच्या आधी मीच पुढे होऊन सांगते. एकसष्ट वर्षांची बाई, शिक्षिका, मागे कुणी नाही. मला आत ठेवून त्यांना काय मिळणार? आणि ठेवलंच तर माझी नोकरी जायची नाही की लग्न मोडायचं नाही.

मी घाबरले आहे, खोटं कशाला सांगू. कालपासून खोलीतून बाहेर पडले नाही. बॅग भरायची सुद्धा हिंमत होत नाही, वरचे दोन कपडे तेवढे घालते-काढते. खिडकीतून तळं दिसतं, त्यात बदकं आहेत. एवढंच आता माझं कोपनहेगन.

तू नको म्हणालीस तर येणार नाही. तुझा निरोप आला की ठरवेन.

ताई


शारजा, ६ ऑक्टोबर

ताई,

व्हिसा झाला. सोबत आहे, प्रिंट काढून घे. सुजीतला सांगितलंय की तू दिवाळीला येते आहेस.

एअरपोर्टवरून मेसेज आला, बॅग आली आहे. उद्या घेऊन जा म्हणतात.

ये.

वीणा


शारजा, ७ ऑक्टोबर, सकाळी आठ

मावशी,

मी मराठीत लिहिते आहे, चुका खूप होतील, प्लीज हसू नको. तुझा फोन लागत नाही. हॉटेलला कॉल केला, ते म्हणतात मॅडम पहाटेच चेक-आउट करून गेल्या. एअरपोर्टवर फ्री वायफाय आहे, तू कनेक्ट केलं तर हे दिसेल. प्लीज प्लीज दिसू दे.

आज ऑफिसला जाताना मी बॅग घेणार होते. मम्मा दारात आडवी उभी राहिली. मला जाऊच देईना. मग ओरडून ओरडून सगळं सांगितलं. मला आधी हसू आलं. कारण बॅगेत काहीच नाही.

मला ते पाकीट निघायच्या दिवशी सकाळीच मिळालं. तू अंघोळीला गेली होतीस, मी मोजे शोधत होते. मी पोर्टवर काम करते मावशी, बंदी असलेल्या मालाची यादी माझ्या टेबलवर चिकटवलेली आहे. बघितल्यावर लगेच कळलं हे काय आहे. पण तू किती प्रेमाने टेप लावली होती. तुला सांगितलं असतं तर तू बिचारी रडली असतीस, तुझी ट्रिप खराब झाली असती. म्हणून मी काही बोलले नाही.

मी ते तुझ्या बॅगेत ठेवलं. अगदी खाली, तू एकदाही न घातलेल्या थर्मलमध्ये गुंडाळून. मला वाटलं तुझी बॅग दुबईत बाहेर येणारच नाही, थेट मुंबईला जाईल, मग घरी उघडलीस की तुला गंमत वाटेल. तेही मूर्खपणाचंच होतं, मला आता कळतंय.

पण मम्मा म्हणते तू दुबईत उतरते आहेस. बॅग घेऊन. आणि स्वतः जाऊन त्यांना सांगणार आहेस की बॅग तपासा.

मावशी, ते पाकीट तुझ्याकडे आहे. फेकून दे. बॅग आत दिली असशील तर परत मागून घे. काहीही कर, पण ते घेऊन इथे येऊ नको.

तुझी,
ईशानी


दुबई, ७ ऑक्टोबर, संध्याकाळ

ताई,

फोनवरून लिहिते आहे. मी, सुजीत, ईशानी, तिघंही बाहेर उभे आहोत. बोर्डावर तुझं विमान उतरून दोन तास झाले. सगळी माणसं बाहेर आली. एका बाईचा डबा आत राहिला होता, तीसुद्धा परत आत जाऊन बाहेर आली. तू नाहीस.

काउंटरवर विचारलं तर प्रवाशाची माहिती देता येत नाही म्हणतात. सुजीत म्हणतो, "इन्शाल्ला येईल, वीणा, बस तू." बसवत नाही. दर वेळी ते काचेचं दार सरकतं तेव्हा मला दोन पोलिसांच्या मधे तूच दिसतेस.

ईशानीची बॅग मिळाली. पाच मिनिटांत दिली, उघडलीसुद्धा नाही.

ताई, कुठे आहेस?

वीणा


सांगली, ९ ऑक्टोबर

चि. वीणास,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. तुझं एअरपोर्टवरून लिहिलेलं पत्र मुंबईत उतरल्यावर वाचलं. एका ओळीने कळवायला हवं होतं. ते माझ्याकडून बरं झालं नाही.

ईशानीची मेल मला बॅगेच्या रांगेत मिळाली. माझ्यापुढे तीन माणसं होती. तिथेच फरशीवर बसले, बॅग उघडली, थर्मल झटकलं, आणि ते पाकीट मांडीवर पडलं. लोक बघत होते. कचऱ्याच्या डब्यापर्यंत चालत गेले ते कशी गेले मला आठवत नाही. हात धुतले, परत धुतले. मग काउंटरवरच्या मुलीने विचारलं, बॅग कुठपर्यंत पाठवू? तिकिटावर मुंबई होतं, पर्समध्ये तू पाठवलेल्या व्हिसाचा कागद होता.

मी मुंबई म्हणाले.

दुबईत चार तास बसले, वीणा. माझ्याकडे आता काही नव्हतं, भिण्यासारखं काही उरलं नव्हतं. तू भिंतीपलीकडे उभी असणार हे मला ठाऊक होतं. दोनदा उठले. बाहेर जायच्या पाटीपर्यंत जाऊन परत आले.

तुझ्या मसुद्यात 'विदाउट हर नॉलेज' दोन वेळा होतं. 'बाय मिस्टेक' एकदाही नव्हतं. तुझ्या सहा तारखेच्या पत्रात 'ये' होतं, पण सांभाळून ये असं नव्हतं. मी तुला "नको म्हणालीस तर येणार नाही" लिहिलं, ते तू नको म्हणावंस म्हणून लिहिलं होतं. मी येणार होतेच, पण तू एकदा नको म्हणायला हवं होतंस. तू तुझ्या लेकीची आई आहेस, तुझ्या जागी मी असते तर कदाचित हेच केलं असतं. हे सगळं कळतं. पण त्या पाटीखाली उभी राहिले तेव्हा मला पोलिसांची नाही, तुझी भीती वाटली. तू पुढे येऊन मला मिठी मारशील, आणि माझ्या मनात ते 'ये' असेल, याची.

घरी खसखशीचा डबा भरलेला आहे. काल वरच्या फळीवर मागे सरकवून ठेवला.

ईशानीला सांग, तिच्या पत्रात तीनच चुका होत्या. आणि पुढच्या वेळी मावशी रडली तरी चालेल, पण सांगत जा.

तुझी,
ताई


शारजा, १७ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आठ दिवस कागद पुढे घेऊन बसते आहे. चार वेळा "गैरसमज झाला" असं लिहिलं आणि पुसलं. गैरसमज झालेला नाही. तू बरोबर वाचलंस.

तुझं ते पत्र पाच तारखेला दुपारी आलं. "नको म्हणालीस तर येणार नाही" हे वाचून मी 'येऊ नकोस' असं टाइप केलं होतं. मग ईशानी खोलीतून "मम्मा, चहा" म्हणाली. मी ते दोन शब्द पुसले आणि सुजीतला व्हिसाचा फॉर्म भरायला सांगितला. इतकंच घडलं. मला कुणी भाग पाडलं नाही.

काल अनारसे केले, तिळाचे. पहिला घाणा हसला, तुपात पार विरघळला. दुसरा बरा झाला. ईशानीने विचारलं, "मावशीला फोटो पाठवू?" मी म्हटलं नको, आधी मला पत्र लिहू दे.

तू विचारलं होतंस, पंचवीस वर्षं का सांगितलं नाहीस. आईचं कारण खरं आहे, पण पुरतं नाही. भीती वाटते असं लिहायची मला लाज वाटते, म्हणून मी 'मिळत नाही' लिहीत आले. आता सरळ लिहिते. त्या दिवशी दारापाशी उभी होते तेव्हा मला भीती वाटत होती की तू बाहेर येशील. तू आली नाहीस तेव्हापासून भीती वाटते आहे की आता कधीच येणार नाहीस.

व्हिसाची मुदत अजून दीड महिना आहे. सांभाळून ये.

तुझी,
वीणा